शंभर टक्के झालं, पण जमा कुठे झालं?

डिचोलीच्या एका हायर सेकंडरीत संगणक शिकवणाऱ्या सरांनी विचारलंय ते थोडक्यात असं: लॅबमधल्या १२ मशीनवर बॉइंक हा प्रोग्रॅम घातला, जूनपासून ती फावल्या वेळात एका विज्ञान प्रकल्पाचं गणित करतायत. मुलांना आकडे दाखवावेत म्हणून खातं उघडलं, तर मेळच लागत नाही. स्क्रीनवर टास्क शंभर टक्के झालेलं, क्रेडिट, म्हणजे केलेल्या कामाचे गुण, मात्र नाही. चवथीच्या सुट्टीनंतर सरासरीचा आकडा निम्म्याहून खाली. मशीनं १२, यादीत दिसतात ३१. आणि एका मुलाच्या घरच्या एकट्या मशीनवर दुसऱ्याच एका अशा प्रकल्पाचे, फोल्डिंग अ‍ॅट होमचे लाखांनी पॉइंट, आपल्या बाराही मशीनचे मिळून काही हजार. तो वर्गात भाव खातोय, त्याला काय सांगू? सोबत सरांनी टास्कच्या यादीची प्रतही पाठवली आहे, ती मी नीट बघितली.

सर, मी फोंड्याजवळच्या एका कॉलेजची लॅब वीसेक वर्षं सांभाळली. सेटी अ‍ॅट होम हा परग्रहावरच्या जीवांचे रेडिओ सिग्नल शोधणारा प्रकल्प १७ मे १९९९ ला सुरू झाला, आणि त्याच पावसाळ्यात घरचा फोन अडवून ठेवून मी त्याची पहिली युनिटं, म्हणजे गणितासाठी पाडलेले माहितीचे तुकडे, उतरवून घेतली. तेव्हापासून हे आकडे बघतोय, त्यांच्यापायी क्वचित झोपही घालवली आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. मशीननं किती काम केलं हे खात्यात दिसत नाही. त्यातलं किती दुसऱ्या कोणीतरी पडताळून मान्य केलं, तेवढंच तिथे जमा होतं. काजूच्या बिया घरी कितीही वेळा तोलून नेल्या तरी पैसे व्यापाऱ्याच्या काट्यावर भरेल त्याचेच मिळतात ना, तसं.

स्क्रीनवरचं शंभर टक्के हे तुमचं घरचं वजन. गणित संपलं की निकालाची फाइल आधी सर्व्हरवर चढते. मग 'रेडी टु रिपोर्ट' असं लिहून येतं आणि काही वेळ तसंच राहतं, कारण प्रत्येक टास्कसाठी सर्व्हरचं दार वाजवण्यापेक्षा क्लायंट, म्हणजे तुमच्या मशीनवरचा बॉइंकचा प्रोग्रॅम, चार-सहा एकत्र करून कळवतो. कळवल्यावर तुमच्या मशीनपुरतं काम संपलं. खरा घोळ पुढे आहे. पुष्कळ प्रकल्पांत एकच वर्क युनिट निदान दोन अनोळखी माणसांच्या मशीनला दिलेलं असतं. दुसऱ्याचा निकाल आला, दोन्ही जुळले, तर दोघांनाही क्रेडिट. तोवर तुमच्यासमोर 'व्हॅलिडेशन पेंडिंग'. तो दुसरा माणूस मशीन बंद करून गावाला गेला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत थांबायचं, मग सर्व्हर तेच युनिट तिसऱ्याला देणार, त्याला नवी मुदत. तुमच्या यादीतली सर्वांत जुनी पेंडिंग टास्कं सगळी याच कारणानं अडकली आहेत. त्यात तुम्ही करण्यासारखं काहीही नाही.

टक्क्यांबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण मुलं त्या पट्टीकडेच बघत बसतात. किती झालं ते प्रकल्पाच्या प्रोग्रॅमनं क्लायंटला सांगायचं असतं. काही प्रोग्रॅम नीट सांगतात, काही सांगतच नाहीत. मग क्लायंट वेळेवरून अंदाज बांधतो, आणि ती पट्टी नव्व्याण्णवच्या पुढे दशांशात सरपटत राहते. ते टास्क अडकलेलं असेलच असं नाही. उलट पावसात वीज गेली की ६३ वर असलेलं टास्क ५८ वरून सुरू होतं, कारण मधल्या चेकपॉइंटपर्यंतचंच डिस्कवर उतरलेलं असतं. चेकपॉइंट कमीत कमी किती सेकंदांनी लिहावा ही मर्यादा सेटिंगमध्ये आहे, मुळात ती ६० असते. पण तो नक्की कधी लिहायचा हे प्रोग्रॅमच्या सोयीवर आहे, म्हणून आकडा कमी करून फारसं काही साधत नाही.

आता पडताळणी जरा जवळून. टास्कच्या यादीत वर्क युनिटच्या नंबरावर क्लिक केलं की एक पान उघडतं, ते फार कमी लोक उघडतात. एका मे महिन्यात मी ते रोज उघडत होतो. आमच्या लॅबमध्ये खिडकीजवळ एक मशीन होतं. त्याच्या एका युनिटच्या पानावर दोन ओळी: एक आमची, एक कुठल्यातरी परक्या संगणकाची. दोघांचेही निकाल आलेले, दोघांसमोर 'व्हॅलिडेशन इनकन्क्लूसिव्ह'. म्हणजे निकाल जुळत नाहीत, आणि खरा कोण ते अजून ठरलेलं नाही. दोन दिवसांनी खाली तिसरी ओळ उगवली, 'इन प्रोग्रेस'. चौथ्या दिवशी तिसऱ्याचा निकाल परक्याशी जुळला. त्या दोघांना क्रेडिट, आमच्यासमोर 'इनव्हॅलिड' आणि शून्य. अकरा तासांचं गणित पाण्यात. मी प्रकल्पवाल्यांना मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. पण त्याच आठवड्यात त्याच मशीनचे असे पाच निघाले तेव्हा कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यावर धूळ आणि खारी हवा यांचा चिकट थर बसलेला, पंखा अडखळत फिरत होता. विंडोज चालत होतं, मुलांचे प्रोग्रॅम चालत होते, कोणाचीही तक्रार नव्हती. तापलेला प्रोसेसर मधूनच बेरीज चुकतोय हे फक्त त्या यादीनं सांगितलं.

जुळणं म्हणजे काय, हे प्रत्येक प्रकल्प आपापलं ठरवतो. दशांश अपूर्णांकांच्या लांबलचक गणितात दोन वेगळ्या जातींचे प्रोसेसर शेवटच्या एक-दोन अंकांत वेगळं उत्तर देऊ शकतात, आणि दोघांचंही बरोबर असतं. म्हणून काही ठिकाणी थोडा फरक चालवून घेतात. काही ठिकाणी एका युनिटच्या सगळ्या प्रती एकाच प्रकारच्या मशीनना देतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या एलएचसी अ‍ॅट होममध्ये प्रोटॉनांचा झोत वेगवर्धकात लाखो फेऱ्या मारताना स्थिर राहतो का ते सिक्सट्रॅक नावाचा प्रोग्रॅम बघायचा. तिथे शेवटच्या अंकातली चूक फेऱ्यागणिक फुगत जाते, म्हणून त्यांनी गणिती फलनांची अशी लायब्ररी बसवली की कुठल्याही मशीनवर उत्तर अक्षरशः तेच यावं. आणि हवामानाची मॉडेलं चालवणाऱ्या क्लायमेट प्रेडिक्शनमध्ये एकेक टास्क आठवडेच्या आठवडे चालतं. तिथे शेवटपर्यंत थांबायला लावलं तर माणसं पळून जातील, म्हणून मॉडेल काही टप्पा पुढे सरकलं की छोटा संदेश जातो आणि त्यापुरतं क्रेडिट मिळतं. काही प्रकल्प बराच काळ चोख निकाल देणाऱ्या मशीनवर विश्वास टाकतात आणि मधूनच एखाद्या निकालाची दुसरी प्रत काढून तपासतात. तुमच्या काही टास्कांना लगेच क्रेडिट मिळालं त्याचं कारण हेच असावं.

क्रेडिट किती द्यायचं, यावर मात्र वीस-पंचवीस वर्षं भांडणं चालली आहेत. सुरुवातीच्या सेटीत सरळ मोजणी होती: किती युनिटं केली आणि प्रोसेसरचा किती वेळ लागला. एक युनिट म्हणजे अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीतून आलेल्या सिग्नलचे सुमारे १०७ सेकंद, साधारण ३४० किलोबाइटची फाइल. ऐकायला सोपं वाटतं. पण माडावर चढून नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला आपण माडामागे पैसे देतो, नारळामागे नाही. ठेंगणा माड आणि उंच माड, पाच नारळांचा आणि चाळीस नारळांचा, सगळे सारखेच धरले जातात. सेटीतही तेच झालं. दुर्बीण आकाशात किती वेगानं सरकत होती त्यावर एकेका युनिटचं गणित कमीजास्त व्हायचं, मोजणीत मात्र सगळी एक. त्यात ५० लाखांहून जास्त माणसं आलेली, याद्या लागलेल्या, कोण वर कोण खाली. काहींनी प्रोग्रॅममध्ये फेरफार करून गणित न करताच निकाल पाठवायला सुरुवात केली. बक्षीस नाही, पैसा नाही, नुसता यादीत नंबर वर यावा म्हणून!

त्या अनुभवातून बर्कलीच्या डेव्हिड अँडरसन यांनी बॉइंक उभं केलं, आणि २००४ पासून प्रकल्प त्यावर चालू लागले. त्यातलं क्रेडिट 'कॉबलस्टोन' या एककात मोजतात. सेटीच्या जेफ कॉब यांच्या नावावरून. सेकंदाला १ अब्ज दशांशी क्रिया करणारं मशीन दिवसभर चाललं तर २०० क्रेडिट. म्हणजे १ क्रेडिटमागे ४३२ अब्ज क्रिया. हा हिशेब मुलांना फळ्यावर करून दाखवा, त्यांना आवडतो. पण मशीननं नक्की किती क्रिया केल्या हे सर्व्हरला कसं कळणार? पूर्वी क्लायंट स्वतःची वेगचाचणी घेऊन, लागलेल्या वेळानं गुणून मागणी करायचा. वेगचाचणीचा आकडा फुगवणारे लगेच निघाले. मग तीन निकाल असतील तर सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान मागणी सोडून मधली द्यायची, दोनच असतील तर लहान ती, असा तोडगा होता. २०१० मध्ये नवी पद्धत आली. तीत सर्व्हर त्या प्रोग्रॅमच्या सगळ्या मशीनवरच्या सरासऱ्या बघून ठरवतो. परिणाम असा, की त्याच जातीच्या टास्कला आज ८७ आणि परवा १०४ मिळतात. मला ती पद्धत पटत नाही. मुलांना समजावता येत नाही असा हिशेब काय कामाचा? बऱ्याच प्रकल्पांनाही पटली नाही, ते युनिटमागे ठरलेलं क्रेडिट देतात. तसे ठरवायला ते मोकळे आहेत, आणि म्हणूनच दोन प्रकल्पांची क्रेडिटं एकमेकांशेजारी ठेवू नयेत. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड या प्रकल्पावर तर बॉइंकच्या क्रेडिटला ७ नं गुणून पॉइंट दाखवतात. १०० चे ७०० झाले म्हणून काम सातपट होत नाही. त्यांचे बिल्ले मात्र मला आवडतात, कारण ते चाललेल्या वेळेवर आहेत: १४ दिवसांना ब्राँझ, ४५ ला सिल्व्हर, ९० ला गोल्ड. जुनं मशीनही ते मिळवू शकतं.

आता तुमचा भाव खाणारा मुलगा. फोल्डिंग अ‍ॅट होम बॉइंकवर नाहीच, प्रथिनांच्या हालचालींचं गणित करणारं त्यांचं घर वेगळं आहे. २००० साली स्टॅनफर्डला सुरू झालं. त्यांचे पॉइंट त्यांनी ठरवलेल्या एका मशीनच्या तुलनेत काढतात आणि वर लवकर परत देण्याचा बोनस असतो. बोनस वर्गमुळात आहे: मुदत भागिले लागलेला वेळ, त्याला एका स्थिरांकानं गुणून वर्गमूळ. वेळ निम्म्यावर आणला तर त्या युनिटचे पॉइंट १.४१ पट. पण त्याच दिवसात युनिटंही दुप्पट होतात, म्हणून दिवसाचे पॉइंट २.८ पट. त्याच्याकडे गेम खेळायचं ग्राफिक्स कार्ड असणार, तुमच्याकडे नाही. बाकी काही नाही. या बोनसला कारण मात्र रास्त आहे. प्रथिनाच्या हालचालीचा एक तुकडा परत आल्याशिवाय त्याच्या पुढचा तुकडा तयारच करता येत नाही, त्यामुळे एक संथ मशीन अख्खी साखळी अडवतं. ज्यांचे तुकडे एकमेकांवर अवलंबून नाहीत त्या प्रकल्पांना असल्या बोनसची गरज नसते. मुलाला हे सांगा, आणि बोनससाठी पासकी (आपल्या नावाचा खासगी संकेतांक) घालून निदान १० युनिटं पूर्ण करावी लागतात तेही विचारा. त्याला ठाऊक असेल तर त्याचा भाव खाणं माफ.

हिशेबाची वही कशी असावी म्हणाल तर माझ्या मते गिम्प्ससारखी. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा शोध: २ चा कुठलासा घात वजा १, आणि ती संख्या मूळ आहे का ते बघायचं. तिथे प्रत्येक घातांकाला स्वतःची नोंद आहे. कोणी तपासला, कधी, उत्तर काय आलं. उत्तर बहुतेक वेळा 'मूळ नाही' हेच, पण त्यासोबत गणिताच्या शेवटी उरलेल्या बाकीचे काही अंक जपून ठेवतात. दुसऱ्यानं स्वतंत्रपणे तोच घातांक केला आणि तेच अंक आले, तर पडताळणी झाली. पहिला निकाल अजून एकटाच असेल तर त्याचे शेवटचे अंक झाकून दाखवतात, नाहीतर कोणीतरी ते बघून तेच उतरवून 'मीही केलं' म्हणून पाठवायचा. केवढा साधा उपाय! २०२० पासून तर गणितासोबत एक पुरावाही तयार होतो. तो तपासायला मूळ गणिताच्या १ टक्क्याहून कमी काम पुरतं, अख्खं गणित पुन्हा करावं लागत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही संख्या मूळ असल्याचं सापडलं, ४,१०,२४,३२० अंकी. वर्तमानपत्रांत ती एक आली. तिच्या मागे 'मूळ नाही' असं नोंदवलेल्या हजारो ओळी आहेत, आणि वहीत त्या प्रत्येकीचं श्रेय कोणाच्या तरी नावावर आहे.

सरासरीचा आकडा का घसरला? त्याचं नाव 'रीसेंट अ‍ॅव्हरेज क्रेडिट', आणि तो दर आठवड्याला निम्मा होईल अशा बेतानं झिजत असतो. नवं क्रेडिट येत राहिलं तर भर पडते. चवथीला ९ दिवस लॅब बंद होती असं तुम्ही लिहिलंय. ४,००० वर असलेला आकडा ९ दिवसांत साधारण १,६४० वर येतो. तुमच्या यादीत तो याहून थोडा वर दिसतो, कारण बंद असतानाही पेंडिंगमधलं काही सुटलं. एकूण क्रेडिटमधून मात्र काहीही गेलेलं नाही. पुन्हा चढतानाही तोच वेग: रोज सारखं काम झालं तर पहिल्या आठवड्यात उरलेल्या अंतराचं निम्मं, दुसऱ्यात त्याच्या निम्मं. महिनाभरात पूर्वीच्या जवळ येईल.

सुट्टीनं दुसरं एक नुकसान केलंय, ते तुमच्या नजरेतून सुटलेलं दिसतं. शुक्रवारी उतरवलेली टास्कं तशीच ठेवून मशीनं बंद केलीत, मुदती उलटल्या, आणि यादीत 'टाइम्ड आउट, नो रिस्पॉन्स' अशा ओळी लागल्या. कुठेतरी कोणीतरी तुमच्यामुळे ९ दिवस पेंडिंग बघत बसला असेल! पुढच्या वेळी सुट्टीच्या दोन-तीन दिवस आधी क्लायंटमध्ये 'नो न्यू टास्क्स' करा, हातातली संपू द्या, कळवू द्या, मग बंद करा.

३१ मशीनचं कोडं मला बघताक्षणी सुटलं, कारण तोच गाढवपणा मी केला आहे. एका मशीनवर सगळं बसवून त्याची डिस्क बाकी सगळ्यांवर कॉपी केलीत ना? बॉइंकची माहितीची फोल्डरही तशीच गेली, म्हणजे बाराही मशीनं सर्व्हरला एकच ओळखपत्र दाखवू लागली. प्रत्येक संपर्काला क्रमांक असतो. मागचाच क्रमांक पुन्हा आला की सर्व्हरला कळतं, ही कॉपी आहे, आणि तो नवं मशीन म्हणून नोंद उघडतो. आमच्या २० मशीनच्या अशा सत्तरहून जास्त नोंदी झाल्या होत्या, आणि त्यांतल्या भुताटकीच्या मशीनांच्या नावावर टास्कंही निघालेली, जी कुठल्याच डिस्कवर नव्हती. उपाय: प्रत्येक मशीनवरून प्रकल्प काढून पुन्हा जोडा, आणि पुढच्या वेळी कॉपी करण्याआधी ती माहितीची फोल्डर रिकामी ठेवा. जुन्या नोंदी खात्यातल्या संगणकांच्या यादीत एकाच नावाच्या असतील तर 'मर्ज' करता येतात, क्रेडिट सोबत येतं. म्हणून आधी प्रत्येक मशीनला वेगळं नाव द्या, नाहीतर सगळी मिळून एक होतील.

जाता जाता: सगळ्या प्रकल्पांचे आकडे एकत्र दाखवणारी बॉइंकस्टॅट्ससारखी ठिकाणं आहेत. प्रकल्प दिवसातून साधारण एकदा आपली आकडेवारी बाहेर काढतात, ती तिथे जाते, म्हणून ते आकडे नेहमी थोडे शिळे. त्यात दिसायचं असेल तर बऱ्याच प्रकल्पांच्या खात्यात आकडे बाहेर द्यायला संमती आहे अशी खूण करावी लागते, आणि ती मुळात केलेली नसते. सगळीकडे ईमेल एकच ठेवा, नाहीतर तुमचे दोन अवतार दिसतील.

लॅबच्या दारावर तक्ता लावायचाच तर एकूण क्रेडिट लावू नका, आठवड्याला मशीनवार तीन रकाने लावा: मान्य झालेली टास्कं, पेंडिंग, इनव्हॅलिड. आम्ही चॉकनं लिहायचो. पाठवलेल्या यादीवरून मी तुमचा पहिला तक्ता करून बघितला. सात नंबरच्या मशीनची १४ इनव्हॅलिड आहेत, बाकी अकरांची मिळून २. तक्ता सोमवारी लावला तरी चालेल. सातचं कॅबिनेट आजच उघडा, आणि ब्रश घेऊन जा.